ग्रीनलंडच्या बर्फावरील हवेचे तापमान उपग्रहातून काढताना : माझा अनुभव

जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या हिमस्तराचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग चार दिवसांत ओला झाला. ८ जुलैला सुमारे ४० टक्के पृष्ठभागावर वितळण दिसत होते, १२ जुलैला ते ९७ टक्क्यांवर गेले, आणि ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती आपल्या इस्रोच्या ओशनसॅट-२ या उपग्रहावरील रडारच्या नोंदी तपासताना. पुढे नासाच्या मोडिस या उपकरणाने नोंदवलेल्या तापमानांनी तिला दुजोरा दिला. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधत असताना मी हे वाचले आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. माणसाची वस्ती नसलेल्या त्या बर्फावर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवरची हवा किती गरम किंवा थंड आहे, हे अवकाशातून कितपत खात्रीने सांगता येईल? पुण्यात बसून, विनामूल्य मिळणाऱ्या माहितीच्या आधारे या प्रश्नामागे मी आठ महिने घालवले.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा लागला. हवामानाच्या बातम्यांत आपण रोज पाहतो ती इन्सॅटची चित्रे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून घेतलेली असतात, आणि तिथून ध्रुवीय प्रदेश इतका तिरका दिसतो की या कामासाठी ती चित्रे निरुपयोगी ठरतात. त्यासाठी ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह हवेत. मोडिस हे उपकरण टेरा आणि अक्वा या दोन उपग्रहांवर आहे. दोघेही सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून दिवसाला चौदा-पंधरा प्रदक्षिणा घालतात आणि त्यांच्या कक्षा ध्रुवांजवळ एकवटत असल्यामुळे ग्रीनलंडवरची एकच जागा त्यांना दिवसातून अनेकदा दिसते. मात्र ११ आणि १२ मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त पट्ट्यांतून ते जे मोजतात ते बर्फाच्या अगदी वरच्या थराचे, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पापुद्र्याचे तापमान असते. हवेचे नव्हे.

हा फरक किरकोळ आहे असे मला आधी वाटले होते. निरभ्र, वारा पडलेल्या हिवाळी रात्री बर्फ आपली उष्णता अवकाशात सोडत राहतो, त्याला लागून असलेली हवा गारठते आणि वर जावे तसतशी हवा उबदार होत जाते. निफाडच्या थंडीत पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात तेव्हा धूर वर न जाता वेलींच्या उंचीवरच पसरून राहतो, तो याच उलट्या रचनेमुळे. फरक एवढाच की आपल्याकडे सूर्य उगवला की ती काही तासांत मोडते आणि ध्रुवीय रात्रीत ती दिवसेंदिवस टिकते. अंटार्क्टिकातील उदाहरण तर फारच बोलके आहे. तिथे व्होस्टॉक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी हवेचे तापमान उणे ८९.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले. पण पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरील उथळ खोलगटांत मोडिसला बर्फाचे पृष्ठतापमान उणे ९८ अंशांच्या आसपास आढळले, आणि तिथल्या हवेचे तापमान उणे ९४ अंशांच्या आसपास असावे असा अंदाज संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. म्हणजे पापुद्रा आणि हवा यांत चार अंशांचे अंतर.

प्रत्यक्ष काम आकड्यांच्या पातळीवर सुरू झाले. मोडिसच्या दैनिक फाइलमध्ये तापमान अंशांत लिहिलेले नसते. ११६४० असा पूर्णांक असतो, त्याला ०.०२ ने गुणले की २३२.८ केल्विन, म्हणजे उणे ४०.३५ अंश सेल्सिअस मिळतात. ज्या पिक्सेलवर, म्हणजे चित्रातल्या एक किलोमीटरच्या चौकोनावर, ढग होते तिथे शून्य लिहिलेले असते. ते शून्य वगळायचे राहून गेले आणि माझ्या पहिल्याच नकाशात ग्रीनलंडचा मोठा भाग उणे २७३.१५ अंशांवर गोठलेला दिसला. ती चूक पाच मिनिटांत कळली. दुसरी कळायला सहा आठवडे लागले, म्हणून ती सविस्तर सांगतो.

फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलच्या निरीक्षणाची वेळही दिलेली असते आणि ती मी जागतिक प्रमाणवेळ समजून वापरली. ती असते स्थानिक सौरवेळ, म्हणजे त्या जागेवरच्या सूर्याच्या स्थितीनुसार ठरणारी वेळ. उपग्रहाचे आकडे मी बर्फावरच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहत होतो. पश्चिम ग्रीनलंडमधील असे एक केंद्र ४७ अंश पश्चिम रेखांशावर होते; पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ४७ भागिले १५, म्हणजे तीन तास आणि आठ मिनिटे. इतक्या फरकाने मी उपग्रहाच्या नोंदी केंद्राच्या नोंदींशी जोडत होतो. मी काम जानेवारीच्या माहितीपासून सुरू केले होते, आणि ६७ अंश उत्तर अक्षांशावर जानेवारीत सूर्य जेमतेम क्षितिजाला टेकतो, त्यामुळे दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ नसतोच. तीन तास इकडे-तिकडे झाले तरी उपग्रह आणि केंद्र यांच्या तापमानांचे आलेख व्यवस्थितच दिसत होते. एप्रिल-मे जोडताच बिंदू दोन्ही बाजूंना विखुरले. मी आठवडाभर ढगांना दोष देत राहिलो. शेवटी मार्गदर्शक मॅडमनी आलेखावर बोट ठेवून विचारले, "सकाळचे सगळे एका बाजूला आणि संध्याकाळचे दुसऱ्या बाजूला का आहेत? ढग घड्याळ बघून येतात का?" त्याच रात्री वेळ दुरुस्त केली.

हवेच्या खऱ्या तापमानासाठी मी डेन्मार्कच्या प्रोमिस या जाळ्यातील स्वयंचलित केंद्रे वापरली. २००७ पासून उभी राहिलेली ही केंद्रे म्हणजे बर्फावर ठेवलेल्या तिपाया. त्यांच्यावर तापमापक, वारामापक आणि प्रारणमापक बसवलेले असतात. पश्चिम ग्रीनलंडमधील कांगर्लुसुआक या गावाजवळची तीन केंद्रे सुमारे ६७०, १,२७० आणि १,८४० मीटर उंचीवर एका रांगेत आहेत, आणि बर्फाच्या काठापासून आतवर हवा कशी बदलते हे त्या रांगेत स्पष्ट दिसते.

या केंद्रांचा सर्वांत मोठा उपयोग मला उशिरा कळला. ती बर्फातून वर येणारे दीर्घतरंगी (म्हणजे उष्णतेचे, अवरक्त) प्रारणही मोजतात आणि त्यावरून, प्रारण व तापमान यांचा संबंध सांगणाऱ्या स्टेफान-बोल्ट्झमन नियमाने, पृष्ठतापमान काढता येते. त्यामुळे एकाच क्षणाची तीन तापमाने हाती येतात: उपग्रहाने पाहिलेला पापुद्रा, केंद्राने पाहिलेला पापुद्रा आणि केंद्राने मोजलेली हवा. पहिल्या दोहोंतला फरक म्हणजे उपग्रहाची चूक. नंतरच्या दोहोंतला फरक म्हणजे निसर्गातला खरा फरक. तोवर मी या दोन गोष्टी एकाच आकड्यात कालवत होतो आणि प्रत्येक विसंगती उपग्रहाच्या माथी मारत होतो.

असे वेगळे केल्यावर जुलै महिन्याचे कोडे सुटले. सर्वांत खालच्या केंद्रावर वर येणाऱ्या प्रारणाचा आकडा तासन्‌तास चौरस मीटरला सुमारे ३१६ वॅटवर अडकलेला दिसे आणि शेजारच्या रकान्यात हवा मात्र शून्याच्या बरीच वर गेलेली असे. ३१६ वॅट म्हणजे बरोबर शून्य अंश. वितळणारा बर्फ शून्याच्या वर जाऊच शकत नाही. मिळालेली सगळी उष्णता तो पाणी होण्यात खर्च करतो. अशा वेळी पृष्ठतापमानावरून हवेचे तापमान सांगण्यासाठी मी बसवलेली सरळ रेषा निकामी होते, कारण हवा दोन अंश असो वा सहा, उपग्रहाला शून्यच दिसते. मी वितळणाचा काळ वेगळा काढला आणि त्यासाठी समुद्रसपाटीपासूनची उंची, सूर्याची उंची आणि पुनर्विश्लेषणातून (म्हणजे जुन्या निरीक्षणांची हवामान-प्रारूपाशी सांगड घालून तयार केलेल्या माहितीतून) घेतलेला वारा यांवर आधारित स्वतंत्र समीकरण बसवले.

ढगांचा प्रश्न मात्र सुटला असे मी म्हणणार नाही. ध्रुवीय रात्रीत दृश्य प्रकाश नसतो, खालचा बर्फ आणि वरचा ढग यांची तापमाने जवळजवळ असतात आणि कधी ढगच बर्फापेक्षा उबदार असतो. त्यामुळे ढग ओळखणारी प्रक्रिया फसते आणि ढगमाथ्याचे तापमान बर्फाचे म्हणून नोंदले जाते. केंद्र असेल तिथे एक सोपी पारख आहे. आकाशातून खाली येणारे आणि बर्फातून वर जाणारे दीर्घतरंगी प्रारण जवळपास सारखे असेल तर डोक्यावर ढग आहे. त्या कसोटीवर डिसेंबरच्या अनेक 'निरभ्र' नोंदी मला काढून टाकाव्या लागल्या. केंद्र नाही तिथे, म्हणजे ग्रीनलंडच्या बहुतेक भागात, ही सोय नाही.

शिवाय ढग बरोबर ओळखले तरी एक झुकाव उरतोच. हिवाळ्यात ढग पांघरुणासारखे काम करतात आणि ढगाळ दिवस निरभ्र दिवसांपेक्षा उबदार असतात. उपग्रहाला फक्त निरभ्र दिवस मिळतात, म्हणून त्यांची मासिक सरासरी वास्तवापेक्षा थंड येते. जुलै २०१२ च्या वितळणातही पातळ, खालच्या, द्रवरूप थेंबांच्या ढगांचा हात होता असे नंतरच्या संशोधनात दिसले: सूर्यप्रकाश आत येईल इतके ते पातळ होते आणि अवरक्त प्रारण अडेल इतके दाट. ज्या ढगांनी हवा तापवली तेच ढग या पद्धतीला आंधळे करतात, ही बाब मला आजही अस्वस्थ करते.

तपासणीतही मी एकदा चुकलो. सगळ्या नोंदी पिसून त्यांतल्या वीस टक्के चाचणीसाठी ठेवल्या तेव्हा निकाल फारच सुरेख आला. पण एकाच केंद्राचा दुपारी दोनचा आकडा समीकरण बसवण्यात आणि तीनचा चाचणीत गेला, तर ती चाचणी कसली? नंतर प्रत्येक वेळी एक केंद्र पूर्णपणे बाजूला ठेवून, बाकीच्यांवर समीकरण बसवून त्या केंद्राचा अंदाज घेतला. चूक वाढली, विशेषतः काठावरच्या केंद्रांवर, जिथे एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये बर्फाबरोबर उघडा खडकही येतो आणि जुलैत 'बर्फ' पाच-सहा अंशांचा दिसतो. प्रबंधात मी हाच दुसरा निकाल छापला.

अंतिम नकाशे करताना प्रत्येक महिन्याच्या तापमानाच्या नकाशाशेजारी मी त्याच आकाराचा दुसरा नकाशा ठेवला, ज्यात त्या महिन्यात प्रत्येक पिक्सेलला किती निरभ्र निरीक्षणे मिळाली ते दाखवले आहे. आग्नेय किनाऱ्यावर, जिथे वादळांची ये-जा अधिक असते, काही महिन्यांत ती संख्या इतकी कमी होती की तिथले तापमान न रंगवता मी तो भाग रेषांकित सोडला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा वेळ त्या दुसऱ्या नकाशावरच प्रश्न विचारले.