वाळू धुताना: फायनल इयरच्या प्रोजेक्टचा माझा अनुभव

फायनल इयरला आम्ही चौघांनी पिण्याच्या पाण्याचा प्रोजेक्ट घेतला. वस्तीत नळ नव्हता, बायका उघड्या विहिरीचं पाणी शेंदून आणायच्या. आम्ही तिथे पाऊल टाकायच्या आधीच ड्रॉइंग तयार होतं: सौर पॅनेल, पंप, जंतू मारणारा अतिनील दिवा. पहिल्याच बैठकीत एका आजींनी विचारलं, "दिवा गेला तर नवा कुठून आणायचा, बाळा?" चौघांपैकी एकाकडेही उत्तर नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आम्ही फक्त त्यांच्याबरोबर पाणी भरलं. गाईडना हा वेळेचा अपव्यय वाटत होता, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही. पण पाणी गढूळ कधी होतं, भरून ठेवलेल्या हंड्यात कोणाचे हात जातात, हे सर्व्हेच्या फॉर्मवर कधीच आलं नसतं.

शेवटी बायोसँड फिल्टर ठरला. मंद वाळू-गाळणीची जुनी पद्धत घरगुती वापरासाठी बदलून कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या डेव्हिड मांझ यांनी १९९०च्या दशकात तो विकसित केला. वीज लागत नाही, काही बदलावं लागत नाही. काँक्रीटची पेटी, तळाला खडी, वर बारीक वाळू. वाळूवर साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि वाळूच्या अगदी वरच्या भागात सूक्ष्मजीवांचा थर धरतो. पाण्यातले बरेचसे रोगजंतू तिथेच अडकतात, खाल्ले जातात. हा थर पूर्ण धरायला ३० दिवसही लागू शकतात.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते वाळू धुण्यात. घमेल्यात वाळू घ्यायची, पाणी ओतायचं, हाताने घुसळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, की पुन्हा तेच. दुपारपर्यंत बोटांची सालं निघायची. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की यासाठी लागणारा प्रत्येक हंडा कोणीतरी विहिरीवरून डोक्यावर आणतंय. आमच्या सगळ्या हिशोबात सिमेंट होतं, खडी होती, वाहतूक होती. वाळू धुवायचं पाणी कुठेच नव्हतं. मला फार लाज वाटली. त्यानंतर आम्ही वाळू विहिरीजवळच नेली आणि पाणी स्वतः शेंदलं.

एवढं करून पहिला फिल्टर बिघडलाच. धार मिनिटाला ०.४ लिटरच्या आसपास हवी, म्हणजे लिटरची बाटली भरायला अडीच मिनिटं. आमची मिनिटभरात भरली. बघणाऱ्यांना आनंद झाला, पण इतक्या वेगात पाणी नीट गाळलं जात नाही. वाळू आम्ही गरजेपेक्षा जास्त धुतली होती, त्यामुळे बारीक कण वाहून गेले होते. वरचा थर काढून कमी धुतलेली वाळू भरली, तेव्हा धार बसली.

सबमिशनच्या दिवशी त्या फिल्टरला १९ दिवस झाले होते. अंतिम चाचणी नाही म्हणून मार्क कापले गेले. त्याचं दुःख नाही. सूक्ष्मजीवांना सेमिस्टर कळत नाही. दुःख याचं की तेवढ्यावर थांबणारे प्रोजेक्ट पुष्कळ असतात.

परीक्षेनंतर आम्ही जात राहिलो, म्हणूनच पुढची चूक सापडली. एका घरातल्या पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू, कमी होईचनात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात त्यांतला एकही सापडता कामा नये. विचारल्यावर कळलं, मावशी क्लोरीनचे थेंब फिल्टरमध्ये वरून टाकत होत्या. दोष त्यांचा नव्हताच. "क्लोरीन टाका" एवढंच आम्ही सांगितलं होतं. गाळून झालेल्या पाण्यात टाकायचं, वरून टाकलं तर तो जिवंत थरच मरतो, हे सांगायचं राहून गेलं होतं. मग आम्ही घरोघरी जाऊन झाकण उघडून तो थर दाखवला. "म्हणजे याला उपाशी ठेवायचं नाही," मावशी म्हणाल्या, आणि फिल्टरमध्ये रोज पाणी का ओतायचं ते शेजारणींना त्यांनीच समजावलं. आमच्या माहितीपत्रकापेक्षा ते वाक्य कितीतरी चांगलं होतं.

पाच महिन्यांनी गेलो तेव्हा मावशींच्या मुलीने मला फिल्टरजवळ नेलं. भिंतीवर कोळशाने तारखा आणि मिनिटं लिहिलेली होती. तिने बाटली धारेखाली धरली आणि माझ्या हातात घड्याळ दिलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिने तेही लिहून ठेवलं.