हा कसला चुका?

फेब्रुवारीत अमिरातीतल्या (यूएई) रास अल खैमाच्या डोंगरात गेलो होतो. हजर पर्वत म्हणजे नुसता उघडाबोडका दगड. पण हिवाळ्यात दोन बरे पाऊस झाले की वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, खडीतून हिरवं डोकं वर काढतं. (आपली बडोद्याची विश्वामित्री नदी, पाणी आणि मगरी वजा करून.) बरोबरच्या तिथल्याच सहकाऱ्याने वाकून एका रोपाची पानं खुडली नि तोंडात टाकली. "हुम्मैद," म्हणाला. मीही एक चावलं. दातच आंबले. चुका, दुसरं काय!

आईला फोटो पाठवला. लगेच फोन. "हा कसला चुका? चाळीस वर्षं खंडेराव मार्केटातून भाजी आणतेय मी. टाक ते."

तिचंही बरोबर. फोटोत रोपाला गुलाबी घोस लटकलेले. बाजारात चुका येतो तो फुलण्याआधीच कापून, जुडी बांधून. आपण जुडी ओळखतो, झाड नाही.

खरी ओळख त्या घोसांतच आहे. फळाला कागदासारखे पातळ, फुगीर पंख आणि त्यांवर लालसर शिरांची जाळी. शास्त्रीय नाव रूमेक्स व्हेसिकॅरियस, आपल्या चुक्याचंही हेच; लॅटिनमध्ये 'व्हेसिका' म्हणजे मूत्राशय, फुगा. रोप वीतभर, बुडापासूनच फुटलेलं. पान त्रिकोणी, गुळगुळीत, मांसल, देठ लांब. पेरापेराशी देठाच्या बुडाला एक पातळ पापुद्रा खोडाला गुंडाळलेला असतो, तो मात्र नीट बघा. चव सगळ्यात शेवटी. अनोळखी पान आधी चावायचा माझा शहाणपणा करू नका. वाळवंटात रुई आहे, इंद्रावण आहे. तोडल्यावर पांढरा चीक आला तर हात धुवून निघा.

घोसाचा जवळून काढलेला फोटो आणि जुनं वनस्पतीचं चित्र शेजारीशेजारी पाठवलं, तेव्हा कुठे आई नरमली. इथले लोक कच्चाच खातात म्हटलं, तर तिला ते पटेना.

"हरभऱ्याची डाळ नि दाणे घाल, गूळ घाल, वरून लसणाची फोडणी. आणि ॲल्युमिनियमच्या कढईत करू नकोस, आंबट आहे." मग आवाज खाली आणून, "बाबांना फोटो पाठवू नकोस हं. मुतखडा झाल्यापासून चुका बंद केलाय त्यांचा, उगाच हट्ट धरतील."