‘वाइटापासून सोडव’ नंतरचं अर्धं मिनिट

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी वसई भागातल्या नंदाखालच्या कॅथलिक चर्चमध्ये शेकडो माणसं गप्प असताना एकटा माझाच आवाज ऐकू आला. त्या एका क्षणासाठी हे लिहायला बसले आहे, नाहीतर कोकणातल्या चार दिवसांचं वर्णन करण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही.

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेने 1831 साली नगरात ठाणं मांडलं, त्या मंडळीत आमच्या चार पिढ्या झाल्या. आमच्याकडे कॅथलिकांची मिस्सा नसते, साधी उपासना असते. फादर नसतात, पाळक असतात आणि त्यांच्या घरी बायकामुलं असतात. समोर साधा लाकडी क्रूस, त्याच्यावर मूर्ती नाही. नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणत मी मोठी झाले. कॅथलिक लोक आपल्यापेक्षा निराळे, एवढंच घरात ऐकलेलं. निराळे म्हणजे कसे, हे चाळिशी उलटेपर्यंत मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं, याची मला आता खरंच खंत वाटते.

वसईची माझी मैत्रीण सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. तिच्या आईला मी मावशी म्हणते. घरात ती माणसं आपसात कादोडी बोलतात. ती मला निम्मीच कळते, पण माझ्याकडे वळल्या की मावशी लगेच स्वच्छ मराठीवर येतात. दुपारी वाडीतली केळी आणि तांदळाची भाकरी खाऊ घालून त्या म्हणाल्या, “आज लवकर निघायचं गो, नाहीतर बाहेर मांडवात बसायला लागेल.” तरी आम्हाला मांडवातच जागा मिळाली. गर्दीचा मला एरवी त्रास होतो. त्या दिवशी झाला नाही.

गुरुवारच्या मिस्सात फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे धुतले, तसे. पूर्वी हे बारा पुरुषच असायचे. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून बायकांनाही त्यात घ्यायला परवानगी दिली. इथे बारांत चार बायका होत्या. एक आजी लाल लुगड्यात, जुन्या पद्धतीने नेसलेल्या. फादर गुडघ्यावर बसले, तांब्यातून पाणी घातलं, तेव्हा आजींनी पाय चटकन मागे ओढला. टाचेला भेगा होत्या, वाडीत आयुष्य काढलेल्या बाईच्या असतात तशा, आणि भेगांत माती मुरलेली. फादरांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. शेवटी आजींनी पाय परत पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. आमच्या मंडळीत या उताऱ्यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत, एका टाचेवरून पाणी उतरताना मात्र कधी पाहिलं नव्हतं.

मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आली. ही तर मला झोपेतही येते. एखाद-दुसरा शब्द इकडचा तिकडे होता, पण मी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत होते. “वाइटापासून आम्हाला सोडव,” आणि पुढे श्वासही न घेता, “कारण की राज्य, सामर्थ्य...” इथे माझ्या लक्षात आलं की सगळं चर्च थांबलेलं आहे. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने वळून पाहिलं. मला घाम फुटला. आपण परक्यांच्या घरात न विचारता आतल्या खोलीत शिरलो, तसं वाटलं.

मावशींनी माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. वेदीपाशी फादर एकटेच बोलत होते, सर्व अरिष्टांपासून सोडव, आमच्या दिवसांत शांती दे, आम्ही तारणाऱ्याची वाट पाहत आहोत. अर्धं मिनिट असेल. ते थांबले आणि मांडवातून, ओट्यावरून, आतून, सगळीकडून एकदम तीच ओळ आली. राज्य, सामर्थ्य आणि गौरव, सदासर्वकाळ. माझी ओळ! मला रडू आलं आणि त्या वेळी नेमकी ती म्हणता आली नाही.

घरी परतताना मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणी ही ओळ नव्हतीच मुळी.” त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. उत्तरं तोंडपाठ, अर्थ कुणाला विचारायचा नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मराठी आली, आणि 1970 च्या नव्या मिस्सा-ग्रंथाबरोबर ही ओळ. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही, म्हणून रोमच्या प्रार्थनेत ती जोडलेली नव्हती. प्रोटेस्टंटांनी मात्र ती धरून ठेवली. म्हणजे ज्या ओळीसाठी मी लाजले, ती मावशींच्या चर्चमध्ये त्यांच्या तरुणपणी पाहुणी म्हणून आलेली होती.

ख्रिस्तप्रसादाला मी उठले नाही. आपल्या मंडळीबाहेरच्या माणसाला कॅथलिक चर्च सहसा तो देत नाही, हे मला ठाऊक होतं. रांग पुढे सरकत होती, माझ्या गुडघ्यांना घासून माणसं जात-येत होती आणि मी बसून होते. हे मला बोचलं, आजही बोचतं. नियमामागचं कारण मला समजतं: त्यांच्या श्रद्धेत ती भाकर ख्रिस्ताचं शरीरच होते, आमच्यातले बरेच जण तिला स्मरण मानतात; एवढ्या मोठ्या फरकावर पांघरूण घालून एकत्र खाल्लं तर ते खोटं ठरेल. समजतं, आणि तरीही बोचतं. दोन्ही खरं आहे.

त्या रात्री ग्लोरिया या स्तुतिगीताला वाजलेल्या घंटा ईस्टरच्या जागरणापर्यंत मुक्या राहतात, मध्ये फक्त लाकडी खटखट. वसईच्या माणसाला घंटांबद्दल काही सांगावं लागत नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, त्यानंतर इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या अजून आहेत. मेणवलीची मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. कुठून आली हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री नऊच्या सुमारास मावशी मला शेजारच्या इमारतीत घेऊन गेल्या. तिथलं कुटुंब केरळचं, सीरो-मलबार पंथाचं. तेही कॅथलिकच, पोप तेच, पण पूजेची रीत पूर्वेकडची. प्रेषित थॉमस इसवी सन 52 मध्ये केरळात उतरला आणि आपलं चर्च त्याचं, अशी त्यांची परंपरा. या रात्री त्यांच्या घरोघर पेसहा अप्पम करतात: तांदूळ आणि उडदाची, आंबवण न घातलेली भाकर, वर ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या पातीचा छोटा क्रूस. सोबत नारळाचं दूध आणि गूळ घातलेलं पेसहा पाल. वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल, त्या घरी ती करत नाहीत, शेजारचे आणून देतात.

या घरी यंदा बाहेरून आली होती. डिसेंबरमध्ये घरधनी गेले. एरवी प्रार्थना करून भाकर मोडण्याचं काम त्यांचं. आता विशीतला मुलगा त्यांच्या जागी बसला होता, मल्याळममध्ये प्रार्थना वाचताना दोनदा अडखळला. त्याने सुरीने क्रूसाच्या आकारात भाकर कापली आणि वयाच्या क्रमाने देत आला. आधी आजी, मग आई, मग मावशी. मग माझ्यासमोर हात आला. मी मावशींकडे पाहिलं. “घे गो, ही घरची रीत आहे,” त्या म्हणाल्या. तुकडा जाड होता, मऊ, दुधात बुडवल्यावर गूळ लागत होता. मुलाची आई स्वतःचा तुकडा कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसली होती.

पुढचे दोन दिवस पटकन सांगते. भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा. शुक्रवारच्या जोडसुट्टीत हा रस्ता घेऊ नका. मी घेतला आणि सहा तास गमावले. एका लॉजवाल्याने फोनवर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट मागितले, तेही मुकाट्याने दिले.

कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईला पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. माउंट कार्मेल चर्चमध्ये शुभ शुक्रवारचा विधी सुरू झालेला. या गावातली ख्रिस्ती मंडळी घरात पोर्तुगीजपासून तयार झालेली आपली बोली बोलतात, तिला ‘नो लिंग’ म्हणजे आपली भाषा म्हणतात. ती बोलणारे सगळे मिळून हजाराच्या आसपास. पण चर्चमधली प्रार्थना मराठीत. माझ्या बाजूच्या बाई मुलाला दटावायच्या ती एक भाषा, देवाला उत्तर द्यायच्या ती दुसरी. त्या दिवशी दहा मोठ्या प्रार्थना होतात आणि त्यांतली पाचवी ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांच्या एकीसाठी. पूर्वी हीच प्रार्थना पाखंडी आणि फुटीर लोकांसाठी म्हणून होती. म्हणजे माझ्या पणजोबांसाठी. मी गुडघे टेकले आणि आमेन म्हटलं.

क्रूसाचं चुंबन घ्यायला रांग लागली, तेव्हा दोन-तीन पर्यटक बाजूने मोबाइल धरून चित्रीकरण करत फिरत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाताने खूण केली तरी थांबले नाहीत. मला संताप आला. आणि मग आठवलं, आदल्या संध्याकाळी त्या आजींच्या टाचेचा फोटो घ्यायला मीही पर्समध्ये हात घातला होता. चर्चमध्ये मोबाइल बंद ठेवा, एवढंच सांगते.

शनिवार प्रवासात गेला. रविवारी पहाटे पाचला रत्नागिरीत, माझ्याच पद्धतीच्या एका छोट्या मंडळीत. तीस-पस्तीस माणसं, पेटी, टाळ, उघड्या दारातून येणारा आंब्याच्या मोहराचा शेवटचा वास. टिळक मूळचे याच जिल्ह्यातले, करजगावचे, त्यामुळे त्यांचं भजन इथे म्हणताना सूर जरा चढा लागला असं मला वाटलं. प्रभुभोजनात पावाचे चौकोनी तुकडे आणि इवल्या पेल्यांतून द्राक्षरस आला. पाळकांनी माझं गाव विचारलं नाही, मंडळी विचारली नाही, ताट पुढे केलं.

मग प्रभूची प्रार्थना. डोळे मिटून सगळ्यांबरोबर म्हणत होते. ‘वाइटापासून आम्हाला सोडव’पाशी माझा आवाज आपोआप थांबला. फादरांचं ते अर्धं मिनिट कानाला हवं होतं. मंडळी न थांबता पुढे गेली, आमेनही झालं, आणि मी आपली मागे राहून हळूच ती ओळ म्हटली.