पागोळ्यांच्या बाजूची सिल : हळदोण्यात एमजीबी पाहताना

कोल्हापूरहून गोव्याला जुनी गाडी पाहायला जायचे असेल, तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा निवडावा, असे मी या प्रवासानंतर आग्रहाने सांगेन. पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि आत शिरलेले पाणी पुरते वाळलेले नसते. मार्चमध्ये कोरडी ठणठणीत दिसणाऱ्या गाडीची गळती या दिवसांत पायाखालच्या गालिच्यालाच हात लावला की कळते. मी आणि गेली तीस वर्षे डेंटिंगचे काम करणारे आमचे मिस्त्री पहाटे पाचला निघालो आणि आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा या मार्गाने पत्रादेवी ओलांडून अकराच्या सुमारास म्हापशाला पोहोचलो. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो आणि त्या दिवशी गावातून वाट काढण्यात बराच वेळ जातो, म्हणून आम्ही मुद्दाम गुरुवार धरला होता.

गाडी हळदोणे येथे, एका जुन्या कौलारू घराच्या पडवीत उभी होती. 1967 ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश बनावटीची छोटी स्पोर्ट्स गाडी, उघड्या टपाची, फिकट निळी. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यामुळे इंजिनाचे आणि ब्रेकचे सुटे भाग आजही नवे मिळतात आणि इंजिनाच्या दुखण्याला मी फारसा घाबरत नाही. खरा प्रश्न पत्र्याचा असतो. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही आणि डोक्यावर छतही नाही, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या भागाला एकमेकांशी जोडून ठेवण्याचा भार मुख्यतः दारांखालच्या दोन सिलवर येतो. सिल म्हणजे तीन पत्रे एकमेकांना जोडून केलेली पोकळ पेटी. ती आतून सडत जाते आणि बाहेरच्या पत्र्यावर फोड दिसू लागतो तेव्हा मधला पत्रा बहुधा संपलेला असतो.

गाडी धुऊन ठेवू नका, अशी विनंती मी मालकीणबाईंना आधीच फोनवर केली होती. ओल्या, चकचकीत रंगावर बारीक फोड लपतात, म्हणून ही विनंती प्रत्येकाने करावी. मात्र मिस्त्री पडवीत शिरल्यावर गाडीकडे वळलेच नाहीत. ते प्रथम भिंत, जमीन आणि वरचे छप्पर न्याहाळत राहिले. पडवीच्या डाव्या कडेला कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांनी जांभ्या मातीत सरळ रेषेत खळगे पाडले होते आणि खांबाच्या चिऱ्यावर हातभर उंचीपर्यंत तांबड्या शिंतोड्यांचा पट्टा उमटला होता. गाडीची डावी बाजू त्या रेषेपासून जेमतेम वीतभर आत होती. "काकी, गाडी नेहमी अशीच उभी असते का?" असे त्यांनी विचारले. "हे होते तेव्हापासून तिथेच, तोंड रस्त्याकडे," काकी म्हणाल्या. मिस्त्रींनी मान हलवली आणि चटई गाडीच्या डाव्या बाजूला अंथरली.

सोबत नेण्याची हत्यारे थोडीच, पण ती विसरू नयेत. फडक्यात गुंडाळलेले हलके लोहचुंबक, बोथट पेचकस, विजेरी, दंतवैद्य वापरतात तसा छोटा आरसा, मोबाईलला जोडता येणारा नळीचा कॅमेरा आणि स्वतःचा जॅक एवढे पुरेसे आहे. चुंबक जिथे ढिले पडते तिथे पुट्टी भरलेली असते. 1967 च्या एमजीबीचे बॉनेट मात्र ॲल्युमिनियमचे असते, तेव्हा तेथे चुंबक चिकटले नाही म्हणून कोणी दचकू नये. पेचकस टोचण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. ज्या घराने एखादी गाडी जिवापाड सांभाळली आहे, त्यांच्या देखत तिला भोक पाडणे बरे नव्हे.

डाव्या पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागच्या बाजूला मिस्त्रींनी बोटे घातली आणि मूठभर लाल माती बाहेर काढली. चार दिवस पाऊस नव्हता, तरी ती लाडवासारखी वळता येत होती. तिच्यात गंजाचे पापुद्रे होते, नखाने सोलता येतील इतके पातळ. माती ओल धरून ठेवते आणि खारी हवा तिला साथ देते. पावसाळ्यात उघड्या बरणीतले मीठ पाझरते ना, त्याचप्रमाणे हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेले मीठही ओल खेचून घेते, आणि गोव्यात पावसाळाभर आर्द्रता बहुधा त्याहून अधिकच असते.

त्यानंतर दाराची परीक्षा झाली. मला विचाराल तर बाकी सर्व तपासण्या विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. गाडी चाकांवर उभी असताना डाव्या दाराच्या मागच्या फटीत खाली करंगळी जात होती, वर मात्र कार्डाची कड कशीबशी शिरत होती. म्हणजे गाडी मध्ये खचली होती. मग मिस्त्रींनी मजबूत फळी घालून सिलच्या मध्यभागी जॅक लावला आणि हळूहळू उचलू लागले. वरची फट डोळ्यांदेखत रुंदावत गेली आणि सिलच्या आतून कुरकुर ऐकू आली. ठाम गाडीची फट उचलल्यावरही जवळपास तशीच राहते. आम्ही ताबडतोब जॅक उतरवला. सडलेली सिल अचानक चेपू शकते, तेव्हा केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही हात किंवा डोके घालू नये. उजव्या बाजूला हीच परीक्षा केली, तेव्हा फट केसभरही हलली नाही आणि पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा खणखणीत वाजला. डावीकडे आवाज बद्द येत होता. पाणी निघून जाण्याच्या छिद्रातून कॅमेरा घातल्यावर कारण दिसले. जुना सडका पत्रा तसाच ठेवून त्यावर नवा पत्रा वेल्ड केला होता आणि वरून काळे अंडरकोटिंग फासले होते. एखाद्या जुन्या गाडीच्या पोटाला फक्त एकाच ठिकाणी ताजे काळे लेपन दिसले, तर तेच ठिकाण सर्वांत आधी तपासावे.

सीटच्या मागे झाकणाखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात. त्यांच्या पेट्या ॲसिडमुळे खालून फुटतात. येथे एक फुटली होती, पण ते किरकोळ काम आहे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाची जोडणी शाबूत होती. डिकीचा तळ आणि त्याखालची पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये पाणी साचते आणि टाकी वरून गंजते, म्हणून तेथे आरसा धरून पाहिले. टाकी बदलावी लागेल.

कागदपत्रांचेही पाहून घ्यावे. चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा आणि महाराष्ट्रात आणण्यासाठी गोव्यातील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मालकाकडूनच मागून घ्यावे. 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी आली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते, मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

जेवणानंतर मी काकींसमोर हिशेब मांडला. डावी सिल तिन्ही थरांसह बदलावी लागेल, आणि कापण्याआधी दाराच्या जागेत लोखंडी आधार वेल्ड करावे लागतील, नाहीतर गाडी कायमची वाकडी होईल. मागितलेल्या किमतीचा चौथा हिस्सा यातच जाईल, तेवढा वजा करून मी किंमत सांगितली. काकींनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली आणि ती मी आनंदाने दिली. मग मिस्त्री म्हणाले, "काकी, तुम्ही गाडी कोणालाही द्या, पण आज ती इथून हलवू या." हँडब्रेक काढून आम्ही तिघांनी ती पडवीच्या आतल्या भिंतीजवळ ढकलली. वरची ताडपत्री काकींनी स्वतः घडी करून ठेवली.