ऐकण्याचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

‘एंगेजमेंटसाठी फंड मिळतोय, अर्ज करू या,’ असं मी मीटिंगमध्ये म्हटलं, तेव्हा अकाउंट्सच्या काकांनी मानही वर न करता विचारलं, ‘कुणाची?’ एंगेजमेंट म्हटलं की आपल्याला साखरपुडाच आठवणार. मला म्हणायचा होता तो संशोधनाबद्दल लोकांशी साधायचा संवाद. पुढची दीड वर्षं हा विनोद ऑफिसात पुरला. तो अगदीच गैरलागू होता असंही नाही. बोलणी, याद्या, मानपान आणि शेवटी देण्याघेण्यावरून ताणाताणी, सगळं झालं.

मी क्षयरोगावरच्या एका संशोधनात काम करत होते. पेशंटच्या घरातल्या बाकीच्यांचे बेडक्याचे नमुने घ्यायचे आणि संसर्ग कसा पसरतो ते पाहायचं, असा अभ्यास. मी डॉक्टर नाही. लोकांशी बोलणं हे माझं काम, आणि संशोधनाच्या मूळ बजेटात त्यासाठी एक रुपयाही नव्हता. म्हणून हा वेगळा अर्ज. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आरोग्य-संशोधनाबद्दल लोकांशी संवाद साधण्यासाठी असे निधी असतात. अंदाज यावा म्हणून सांगते, आरोग्य-संशोधनाला पैसे देणाऱ्या ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टच्या ‘इंटरनॅशनल एंगेजमेंट अवॉर्ड्स’मध्ये ३०,००० पाउंडांपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी पैसे मिळत. प्रयोगशाळेतल्या एखाद्या मशीनपुढे ही रक्कम काहीच नाही. आमच्यासारख्यांना मात्र ती डोंगराएवढी वाटते. आम्ही कुणाकडे अर्ज केला ते लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

पहिला अर्ज २०१५ मध्ये केला. पात्रतेचा भाग सोपा होता. देश यादीत आहे का ते पाहायचं, बस. जागतिक बँक दरडोई उत्पन्नावरून देशांचे गट ठरवते आणि दर वर्षी १ जुलैला ते बदलते, त्यामुळे काठावरच्या देशातल्यांनी यादी जपून पाहावी. बाकीचं सगळं आम्ही मोठ्या उत्साहात भरलं. क्षयरोगाची माहिती देणारी पोस्टर्स, पथनाट्य, रेडिओवर कार्यक्रम, एक छोटी फिल्म. ‘किती लोकांपर्यंत पोहोचणार?’ या रकान्यात आम्ही ४०,००० लिहिलं. हा आकडा कुठून आला ते आज मला विचारू नका.

नकार आला. सोबत परीक्षकांची मतं होती, त्यातलं एक मला अजून पाठ आहे. आशय असा: तुम्ही लोकांना काय सांगणार ते कळलं, पण लोक तुम्हाला काही म्हणाले तर तुम्ही संशोधनात काय बदलणार? आमच्या मुख्य संशोधकांचं लगेच उत्तर आलं, ‘काहीच नाही. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मंजूर झालाय.’ मलाही आधी रागच आला. पथनाट्याची संहितासुद्धा तयार होती हो!

राग ओसरल्यावर वाचायला बसले, तेव्हा हा प्रश्न आला कुठून ते समजलं. एचआयव्हीपासून बचाव म्हणून रोज टेनोफोव्हिर या औषधाची गोळी घ्यायची, याची चाचणी कंबोडियात होणार होती. देहविक्रय करणाऱ्या ९६० स्त्रिया त्यात घ्यायच्या होत्या. त्या स्त्रियांच्या संघटनेनं विचारलं, चाचणी संपल्यावर दुष्परिणाम दिसले तर आमच्या उपचारांचं कोण बघणार? उत्तर समाधानकारक मिळालं नाही. २००४ मध्ये चाचणी सुरू होण्याआधीच सरकारनं ती बंद केली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कॅमेरूनमधली तशीच चाचणी थांबली. गोळीत काही खोट नव्हती, पुढे दुसऱ्या चाचण्यांत ती उपयोगी ठरली. चुकलं होतं ते बोलणं, आणि त्याहून जास्त ऐकणं. या प्रकरणानंतर २००७ मध्ये यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम) आणि एव्हॅक (एचआयव्ही-प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था) यांनी अशा चाचण्यांतल्या लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०११ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. हे वाचून झाल्यावर मी आमचा अर्ज पुन्हा उघडला. अक्षरशः जाहिरातीचं टेंडर भरल्यासारखा दिसत होता तो.

दुसऱ्या अर्जाआधी आम्ही फक्त एक गोष्ट केली. पेशंटच्या घरच्यांना बोलावलं आणि आमच्याबद्दल काय वाटतं ते विचारलं. चौदा जण आले. पहिला अर्धा तास ‘तुम्ही फार चांगलं काम करता’ यातच गेला. मग कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी आमच्या फिल्डवर्करकडे बोट केलं. ‘ही बाई डबी घेऊन निघते ना, ती जरा झाकत जा म्हणावं.’

बेडक्याची डबी पारदर्शक असते. नमुना नुसती लाळ आहे की खरा बेडका, ते तंत्रज्ञाला बाहेरून दिसावं म्हणून. आमची फिल्डवर्कर ती झिपलॉकच्या पारदर्शक पिशवीत घालून, नियमाप्रमाणे सरळ उभी धरून, सगळ्या शेजाऱ्यांदेखत दारातून निघायची. मावशी म्हणाल्या, ‘तुम्ही फॉर्मवर सही घेता, नाव कुणाला सांगणार नाही म्हणता. मग डबीच सांगते की!’ त्यांच्या सुनेनं याच कारणानं दुसऱ्यांदा नमुना दिला नव्हता. आमच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘गैरसमजामुळे नकार’ असं लिहिलेलं होतं. गैरसमज! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या अर्जात फिल्म एकच ठेवली, पोस्टर्स काढून टाकली. बदल्यात घरच्यांचा एक सल्लागार गट, दर महिन्याला बैठक आणि बैठकीत निघालेला प्रत्येक मुद्दा संशोधन-टीमनं लेखी उत्तर देऊन परत आणायचा, असं ठरवलं. केनियात किलिफीच्या संशोधन केंद्राभोवती गावोगावच्या लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींचं जाळं आहे. कल्पना तिथूनच उचलली, फार लहान मापात. मुख्य संशोधकांना पटवायला दोन आठवडे लागले. डबीचा किस्सा सांगितल्यावर दहा मिनिटं लागली.

खरी दमछाक बजेटनं केली. छपाई, प्रवास, हॉलचं भाडं याला रकाने असतात. एका माणसानं महिन्याला वीस घरी जाऊन नुसतं बसायचं, त्याला रकाना नव्हता. ते ‘मनुष्यबळ’मध्ये घातलं तर एवढे दिवस कशाला लागतात अशी शंका आली. ‘कार्यक्रम’मध्ये घातलं तर कार्यक्रमाचं नाव काय, असं विचारणं आलं. शेवटी आम्ही त्याला ‘मासिक गृहसंवाद उपक्रम’ असं भारदस्त नाव दिलं आणि तो लगेच मान्य झाला. अर्ज करणाऱ्यांना एकच सांगेन: वेळेचे पैसे आधी मांडा, वस्तूंचे मागाहून. आणि बैठकीला येणाऱ्याचा बुडालेला रोज, लेकरू सांभाळायला ठेवलेल्या बाईचे पैसे, हे न लाजता लिहा. आम्ही पहिल्यांदा चहापाणी तेवढं लिहिलं होतं.

मग नैतिकता समिती, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना ते तपासणारी. निधीवाले म्हणाले, समितीची मंजुरी जोडा. समिती म्हणाली, हे संशोधनच नाही, मंजुरी लागत नाही. निधीवाले म्हणाले, मग मंजुरी लागत नाही असं पत्र जोडा. समिती म्हणाली, अर्ज नसेल तर आम्ही कशावर पत्र देणार? मी अर्ज करायचा, समितीनं तो गैरलागू ठरवून परत करायचा आणि ते परतीचं पत्र आम्ही जोडायचं, असा तोडगा निघाला. त्याला नऊ आठवडे लागले. त्यातही एका सदस्यांनी विचारलं की बैठकीला येणाऱ्यांना पैसे देणं म्हणजे आमिष नाही का. मी म्हटलं, सर, या बैठकीचा भत्ता आपल्यालाही मिळतो. हे बोलायला नको होतं. एक आठवडा तिथेच वाढला असावा.

तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, बँकेचं पत्र, संस्थेची घटना, हे सगळं अकाउंट्सच्या काकांनी निमूटपणे जमवलं. परदेशातून पैसे घ्यायला कित्येक देशांत सरकारी परवानगी लागते. ती आमच्याकडे आधीपासून होती म्हणून निभावलं. नसेल तर आधी तिच्या मागे लागा, अर्ज नंतर.

मंजुरीचं पत्र मे २०१६ मध्ये आलं. रक्कम पाउंडात, पहिला हप्ता जुलैत. मध्ये २३ जूनला ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी पाउंड डॉलरच्या तुलनेत सुमारे ८ टक्के खाली आला, १९८५ नंतरच्या नीचांकावर. काका सकाळीच माझ्या टेबलाशी आले. ‘साखरपुडा झाला, पण हुंडा आटला,’ एवढंच म्हणाले. हिशेब केला तर दहावा हिस्सा गेला होता. करारात विनिमय दराचा धोका आमच्याकडेच होता, मी ते कलम वाचलंच नव्हतं. वाचून काही करता आलं असतं असंही नाही, पण बजेट थोडं सैल ठेवलं असतं. राहिलेली फिल्मही गेली. तिची आठवण पुढे कुणीच काढली नाही.

काम सुरू झालं. डबीसाठी जाड खाकी कागदाच्या पिशव्या आणल्या. आत डबी उभी राहावी म्हणून पुठ्ठ्याचं वर्तुळ कापून बसवलं, ती युक्ती फिल्डवर्करची. नमुना सकाळीच घ्यायचा असला तरी घरी जायची वेळ घरच्यांनी ठरवायची, हा बदल सल्लागार गटानं सुचवला. नकार कमी झाले. पण त्याच सुमारास जास्त अनुभवी फिल्डवर्करही आली होती, त्यामुळे श्रेय पिशवीला द्यायचं की तिला, हे मी छातीठोक सांगणार नाही. मावशींची सून मात्र पिशवी पाहून आपणहून पुढे आली.

वर्ष संपल्यावर अहवालाचा फॉर्म आला. पहिलाच प्रश्न: किती लोकांपर्यंत पोहोचलात? ज्या आकड्यावरून आमचा पहिला अर्ज हसण्यावारी गेला, तोच आकडा आता फॉर्मला हवा होता. मी २१२ लिहिलं आणि खाली डबीची अख्खी गोष्ट लिहून काढली. उत्तरात निधीच्या कार्यालयातून छान मेल आला. गोष्ट फार आवडली, इतरांना सांगू का, असं विचारलं होतं. शेवटी एक शंका होती: या कागदी पिशव्यांचा खर्च बजेटच्या कोणत्या रकान्यात दाखवला आहे?

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी फाइल उघडून बोट ठेवलं. स्टेशनरी.