पिशवी काढल्यानंतरची गोळी

दसरा-दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याआधी बायका अंगावर काढलेली दुखणी घेऊन दवाखान्यात येतात, म्हणून ते दिवस आमच्या ओपीडीत गर्दीचे असतात. तशा एका सकाळी बारावीतल्या मुलीला घेऊन ती आली. वय ३८. उजवा हात प्लास्टरमध्ये. अंगणात पाय घसरून हातावर पडली, एवढंच निमित्त. एवढ्या वयात एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडलं, हे खटकल्यामुळे हाडांच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

पाळी कधी आली होती, विचारलं. "पिशवी काढून सहा वर्षं झाली, मॅडम." रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं चोळी भिजते, झोप लागत नाही, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की आग होते. हे सगळं तिनं खाली बघत, मुलीला बाहेर बसवून सांगितलं.

रेशनकार्डाच्या पिशवीतून तिनं जुनं डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर तीन अक्षरं होती: बीएसओ. म्हणजे गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलेली. वयाच्या ३२व्या वर्षी. हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं आपलं काम करत राहतात. तीही काढली की त्यांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम संपतं. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे सावकाश यायची ती पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. मग हाडं झिजतात, हृदयविकाराचा धोका लवकर मागे लागतो.

ऑपरेशन का केलं? "अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हणले, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल." तपासणीसाठी तुकडा पाठवल्याचा एकही कागद तिच्याकडे नव्हता.

ही एकटीची गोष्ट नाही, म्हणून लिहिते आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाडा झाला की दंड, डोक्यावर उचल, फडात ना संडास ना पाणी. पाळीच नको, असं बाईला वाटावं अशीच सगळी व्यवस्था आणि वरून कॅन्सरची भीती.

मी तिला इस्ट्रोजेनची गोळी सुचवली. मुलीला आत बोलावलं होतं. तिनं लगेच मोबाइल पुढे केला. "मॅडम, यात लिहिलंय, हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर होतो." आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कॅन्सर होऊ नये म्हणून पिशवी काढली. आता गोळीनं कॅन्सर होणार असंल, तर मी कुठं जायचं?"

बाहेर रांग होती. तरीही मी खुर्ची पुढे ओढली, कारण या प्रश्नाला "काही होत नाही, घ्या" हे उत्तर चालणार नव्हतं.

मोबाइलवर होतं ते खोटं नव्हतं. २००२ साली अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला, तिथून ही भीती जगभर पसरली. त्यात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. गर्भाशय असलेल्या या बायकांपैकी साधारण निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोनं एकत्र दिली होती. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाचा कॅन्सर हार्मोन न घेणाऱ्यांत ३० जणींना झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. वाढ खरी आहे आणि ती मी कोणत्याही पेशंटपासून लपवत नाही. पण प्रोजेस्टिन लागतं ते गर्भाशयाच्या अस्तरासाठी, कारण नुसत्या इस्ट्रोजेननं तिथे कॅन्सर होऊ शकतो. हिला गर्भाशयच नाही. हिला एकटं इस्ट्रोजेन पुरतं. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन किंवा औषध नसलेली साधी गोळी दिली होती. इस्ट्रोजेनवाल्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पन्नाशीनंतर घेणाऱ्यांत थोडी वाढ दाखवणारे दुसरे अभ्यास आहेत, हेही मी मुलीला सांगितलं.

आईला मी एवढंच म्हटलं: "ताई, तुमच्या वयाच्या बाईच्या अंगात जे असायलाच हवं, तेवढंच परत देतेय. पन्नाशीपर्यंत. त्यानंतर पुन्हा बसून ठरवू."

स्तन तपासले, रक्तदाब घेतला. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताची गाठ, कावीळ, सगळं विचारून घेतलं. यातलं काही निघालं असतं तर सल्ला बदलला असता. वर्षातून एकदा तपासणी, आणि गाठ लागली तर हातातलं काम टाकून यायचं, हे मुलीकडून वदवून घेतलं.

पण फडावर असताना गोळी संपली तर? तिथल्या डॉक्टरनं "कॅन्सरची गोळी" म्हणून बंद केली तर? मी लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं: दोन्ही अंडाशयं काढलेली, गर्भाशय नाही, इस्ट्रोजेन का चालू आहे, कशासाठी थांबवावं आणि कशासाठी थांबवू नये. मुलीनं त्याचा फोटो काढून घेतला.

उठता उठता ती म्हणाली, "माझ्या जावेलाबी तारीख दिलीय पिशवीची. जायच्या आधी उरकून घ्या म्हणले." जावेचं वय ३४. तिलाही पांढरंच जात होतं.

मी म्हटलं, तारखेच्या आधी तिला इकडे आणा.

त्याच आठवड्यात दोघी आल्या. सोनोग्राफीत गर्भाशय चांगलं होतं, पिशवीच्या तोंडाची तपासणी स्वच्छ होती. योनीमार्गात जंतुसंसर्ग होता, नवरा-बायको दोघांनी औषध घ्यायचा. मी चिठ्ठी लिहीत असतानाच जावेनं मोबाइल काढला आणि त्या दवाखान्याला फोन लावून तारीख रद्द केली.