बारदाना संपला तो दिवस

२२ एप्रिल २०१७. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या कंपनीच्या, हमीभाव केंद्रावर मी तुरीची प्रत बघायचो. दुपारी हमाल म्हणाला, "साहेब, बारदाना संपला." म्हणजे खरेदीचा माल भरायची रिकामी पोतीच उरली नव्हती. बाहेर रस्त्यापर्यंत ट्रॉल्या उभ्या. काही माणसं चार-चार रात्री ट्रॉलीखालीच झोपत होती.

आदल्या खरिपात सगळ्यांनी तूर लावली होती. २०१५ साली दुकानात डाळ दोनशे रुपयांवर गेलेली, बाहेरून आणावी लागलेली. त्यात पाऊसही चांगला झाला. देशात तुरीचं उत्पादन एका वर्षात जवळपास दुप्पट झालं. हमीभाव बोनससह ५०५० रुपये क्विंटल, आणि बाजारात व्यापारी चार हजारसुद्धा द्यायला तयार नव्हते.

रांगेत आमच्या एक सभासद मावशी होत्या. सोळा कट्टे, म्हणजे सोळा पोती तूर. ओलावा बारा टक्क्यांच्या आत होता, पण काडीकचरा जास्त. नियमाने माल परत पाठवायला हवा होता. कंपनीची चाळणी होती म्हणून तासाभरात तो साफ झाला. एकट्या शेतकऱ्याला असलं यंत्र परवडत नाही. तिथून माघारी गेल्या असत्या तर मावशींनी ती तूर वाटेतच मिळेल त्या भावाने घातली असती.

माल साफ झाला, पण भरायचा कशात? त्यात संध्याकाळी निरोप आला: खरेदी आजपासून बंद.

तो निरोप रांगेत जाऊन मीच सांगितला. कुणी ओरडलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मग आमचे अध्यक्ष, दोन संचालक आणि मी बॅटरी घेऊन निघालो. प्रत्येक ट्रॉलीचा नंबर, गाव, अंदाजे वजन, सातबारा, सही किंवा अंगठा, सगळं वहीत घेतलं. पहाटे तीनला शेवटची नोंद झाली. हे संचालक स्वतः तूर पिकवणारे, त्यांच्याही ट्रॉल्या त्याच रांगेत होत्या. म्हणूनच कुणी घरी गेलं नाही, असं मला आजही वाटतं.

पुढे २२ तारखेपर्यंत केंद्रावर आलेली तूर घ्यायचं सरकारने ठरवलं. पंचनाम्याला आमची वही कामी आली. मावशींच्या सोळा कट्ट्यांचं माप मे महिन्यात झालं.

उत्पादन वाढवा म्हणून शेतकऱ्याला सांगणं सोपं असतं. त्याने ते एका हंगामात करून दाखवलं. पोती, गोदाम, काटा यांची तयारी मात्र कुणीच केली नव्हती, आमच्या कंपनीनेसुद्धा नाही. त्या उन्हाळ्यात संचालक मंडळाने पहिला ठराव केला तो बारदाना आधीच घेऊन ठेवण्याचा.

जूनमध्ये मावशी बियाण्याला आल्या. गेल्या वर्षी चार एकर तूर होती, या वेळी दोनच एकरांचं बियाणं मागत होत्या. पिशवी हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, "औंदा बारदाना किती आणलाय?"

मी गोदामाचं कुलूप काढलं आणि त्यांना आत घेऊन गेलो.